टेम्प पुसणारा आकोटकर

हैबतरावांना विलास आकोटकर नीट ठाऊक होता असं कुणी म्हणालं असतं, तर त्यांनी लगेच मान हलवून नाही म्हटलं असतं. माणूस त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिला, ते जिथे बसत त्याच कारखान्यात कामाला होता, रोज सकाळी त्यांच्याच नळावर तोंड धुवायचा. तरी त्याचे आईबाप होते की नव्हते, लग्न ठरून मोडलं होतं की ठरलंच नव्हतं, सणाला तो गावी का जात नसे, यातलं काही त्यांना कधी कळलं नाही. विचारायचा त्यांचा स्वभाव नव्हता आणि सांगायचा त्याचा नव्हता. तो अकोल्याकडचा होता, त्याला चहात साखर चालत नसे आणि जगातल्या बहुतेक माणसांना अक्कल नसते असं त्याचं मत होतं, एवढं मात्र त्यांना खात्रीने माहीत होतं. यातलं शेवटचं तर उरवड्यात सगळ्यांनाच माहीत होतं.

कारखाना उरवड्याच्या रस्त्याला, हैबतरावांच्याच वावरात उभा राहिला होता. ट्रॅक्टरला लागणाऱ्या पिना तिथे भट्टीत घालून कडक करायच्या आणि मोठ्या कंपनीला पाठवायच्या, एवढंच काम. वावर घेताना मालक जयसिंगराव यांनी घरातल्या एका माणसाला पक्की नोकरी देईन असा शब्द दिला होता आणि ती शेखरला, म्हणजे हैबतरावांच्या मुलाला दिली. शेखर पुढे भट्टीवरचा मुख्य माणूस झाला. हैबतरावांना स्टोअरच्या खिडकीत बसवलं होतं ते निव्वळ मालकाच्या मर्जीने. तिचा काही भरवसा नव्हता. जमिनीतून आलेलं बाकी सगळं घराच्या स्लॅबमध्ये, शेखरच्या मोटरसायकलीत आणि भावकीच्या भांडणात विरून गेलं होतं. वावरातलं म्हणून घराला उरलं होतं ते शेखरचं भट्टीपुढचं स्टूल. ते गेलं असतं तर पुन्हा विकायला वावर नव्हतं.

भट्टीला संगणक जोडायचं ठरलं तेव्हा तो सांभाळायला आकोटकर आला. कृश अंगाचा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. पहिल्याच दिवशी त्याने भट्टीजवळचा पंखा आपल्या काचेच्या खोलीत नेला. माणसाला घाम येतो, यंत्राला येत नाही, म्हणून पंख्याची जास्त गरज यंत्राला आहे, असं कारण त्याने दिलं. ते कुणाला पटलं नाही, पण पंखा गेला तो गेलाच.

खोलीत तो असा राहायचा की खोली भाड्याने गेली आहे यावर हैबतरावांच्या बायकोचा, रंभाबाईंचा, विश्वास बसेना. सकाळी गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी. एक ताट, एक पेला, एक बॅग. आधीच्या भाडेकरूने भिंतीत मारलेले खिळेसुद्धा त्याने पक्कडीने उपटून काढले आणि कागदात बांधून रंभाबाईंच्या हातात दिले.

"ह्ये कशाला काढलंस?" रंभाबाई म्हणाल्या.

"मला काही टांगायचं नाही, काकू."

"मग पुढच्याला टांगाया लागल की."

"पुढचा पुढचे खिळे आणेल."

रंभाबाईंनी खिळे डालड्याच्या डब्यात टाकले. तो डबा बघून आकोटकर हसला. त्यांच्या माळ्यावर असे डबे, बरण्या, दुधाच्या पिशव्या, फुटक्या कपांचे कान, सगळं होतं. घर होतं ते, घरात असतं. पण आकोटकर मान वर करून माळ्याकडे असा बघे, जसं गटारात काही मेलेलं दिसावं.

"यातलं शेवटचं कधी काय लागलं होतं, काकू?"

"लागल तवा तुला सांगाया येते."

तो गेल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "माणूस हाय का लॉजवरचा वेटर? उद्या मेला तर मागं गादी गुंडाळून मरल."

 हैबतरावांना ते पटलं. ज्याला कशावाचून अडचण होत नाही असा माणूस त्यांना आवडत नसे. अशा माणसाची दुसऱ्यांना फार अडचण होते.

आता त्या संगणकाचं. माल किती वाजता आत गेला, धग किती हवी, किती तास झाले, हे तो मोजायचा आणि सहा तास भरले की भोंगा वाजवायचा. चालू कामापुरत्या गोष्टी तो एका कप्प्यात ठेवायचा. त्या कप्प्याला टेम्प म्हणत. भट्टीवरची माणसं त्याला टेम्पो म्हणायची. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला की टेम्प सगळा पुसून कोरा व्हावा, अशी व्यवस्था आकोटकरने आल्याआल्या केली होती. शिवाय संगणकात कामगारांना हात लावता येईल अशी तेवढी एकच जागा होती. बाकी सगळ्याला त्याने कुलपं घातली होती. त्यामुळे ज्याला जे ठेवायचं ते तो टेम्पमध्येच ठेवी. शेखरने कुठल्या पिनेला किती धग लागते याचे स्वतःचे आकडे तिथे ठेवले होते, कुणी गाणी ठेवली होती, आणि नथूने, जो भट्टीत माल भरायचा, मुलीच्या बारशाचे फोटो भाच्याकडून त्यात घालून घेतले होते.

आणि ते दिवस भारनियमनाचे. वीज कधी सांगून जायची, कधी न सांगता. जनरेटर सुरू व्हायला थोडा वेळ लागायचा. तेवढ्यात भट्टी काही थंड होत नसे, पण संगणक मात्र मरायचा. त्याला तग धरायला यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधीच गेली होती आणि जयसिंगराव ती बदलत नव्हते. पूजेच्या वेळी मात्र त्या मेलेल्या बॅटरीलासुद्धा ते न चुकता कुंकू लावायचे. संगणक पुन्हा उठे तो टेम्प पुसून. आत किती वेळचा माल आहे याचा त्याला पत्ताच नसे. म्हणून शेखर माल आत गेला की शेजारच्या लोखंडी खांबावर खडूने वेळ लिहून ठेवी. भोंग्यावर नाही, त्या खडूवर कारखाना चालायचा.

एक दिवस वीज गेली आणि नथूच्या मुलीचं बारसं पुसलं गेलं. नथू आकोटकरच्या काचेच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"साहेब, पोरीचं फोटू गेलं."

"कुठे होते?"

"टेम्पोत."

"मग जाणारच."

"परत न्हाई का यायचं?"

आकोटकरने खुर्ची वळवली. "धर्मशाळेत सामान टाकून तू काशीला गेलास आणि आल्यावर विचारलंस, माझी वळकटी कुठाय, तर काय सांगतील तुला? टेम्प म्हणजे धर्मशाळा. रात्र काढायची, सकाळी झाडून निघायचं. कोरी मिळते हाच तिचा उपयोग. कालच्याची घाण आजच्याला नको, म्हणून पुसायची."

नथूची पोरगी घाण नव्हती. पण नथू मान खाली घालून माघारी वळला. मागून शेखर आला होता. तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता.

"आकोटकर, माझं आकडं बी गेलं. पंध्रा येळा घातलं, पंध्रा येळा गेलं. धर्मशाळा म्हंतोस, बरं. मग घर कुटं हाय ते दाव की! समद्या खोल्यांस्नी कुलपं तू घातलीस, माणसांनी ऱ्हायाचं कुटं?"

"ठेवायचं ते ठेवायच्या जागी ठेवायचं."

"ती जागा कंची?"

"ते कळत असतं तर विचारलं नसतंस."

ही गोष्ट हैबतरावांनी स्टोअरच्या खिडकीतून ऐकली. ते दुसऱ्या एका कामगाराला हातमोजे देत होते. त्यांना वाटलं, विचारलं ते बरोबर होतं आणि उत्तर नुसता उद्धटपणा होता. पण दुसरीही एक गोष्ट त्यांना वाटली, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. त्यांच्या खिडकीत लाकडाचा एक ट्रे होता. दिवसभर लोक पाने, कानशी, बोल्ट नेऊन आणून त्यात टाकत. संध्याकाळी हैबतराव तो ट्रे रिकामा करून मगच घरी जात. एकदा आजारपणात चार दिवस ट्रे तसाच राहिला, तर कुणाचं काय, कुठलं चांगलं, कुठलं मोडकं, काही कळेना, आणि मोडकी कानस पुन्हा कामावर गेली. ट्रे रोज कोरा झाला पाहिजे, हे त्यांना आकोटकरच्या आधीपासून ठाऊक होतं. म्हणजे मुद्द्यात आकोटकर बरोबर होता. हैबतरावांना ते फार लागलं. ज्या माणसाचं तोंड बघवत नाही तो बरोबर निघावा, यासारखा छळ नाही. फरक एवढाच होता, की हैबतरावांच्या ट्रेमागे फळ्या होत्या, फळ्यांवर खण होते, आणि ट्रेमधली वस्तू कुठल्या खणात जाते हे कुणी विचारलं तर ते सांगत.

शेखर मालकाकडे गेला. मालकाला संगणकातलं काही कळत नव्हतं, पण कोण कुणाचा हे कळत होतं. गावात जमीनवाल्याचं मन राखावं लागतं. शिवाय हैबतरावांच्या भावकीचा रस्त्याकडेचा तुकडा अजून घ्यायचा होता. त्यांनी आकोटकरला बोलावलं.

"अरे, ते पुसणं बंद कर. या पोरांचं फार जातं म्हणे."

"सर, ते तात्पुरतंच असतं. राहिलं तर त्रास होईल."

"काय त्रास?"

आकोटकरने मालकाकडे पाहिलं, मग शेखरकडे पाहिलं. खिडकीतून चिमणी आत आली तर माणूस बघतो, तसं. समजावून सांगण्याएवढी यांची योग्यता नाही, हे त्याच्या तोंडावर छापल्यासारखं दिसलं, असं शेखर घरी येऊन म्हणाला.

"काही नाही. ठेवतो. सगळं ठेवतो."

आणि त्याने ठेवलं. त्या दिवसापासून संगणक कितीदा मेला आणि उठला, तरी टेम्प जसाच्या तसा राहू लागला. वीज गेली, आली, आणि पडद्यावर दिसू लागलं: माल आत, तीन तास झाले, तीन राहिले. शेखरने मांडीवर थाप मारली. नथूने दुसऱ्या पोरीच्या वेळी पुन्हा फोटो घातले. गाणी वाढली.

"बघ, आता इसरत न्हाई," शेखर आकोटकरला म्हणाला.

"नाही. आता काहीच विसरणार नाही," आकोटकर म्हणाला आणि पंख्याखाली जाऊन बसला.

हळूहळू खांबावर खडूने वेळ लिहायची कुणाला गरज वाटेना. एकदा रंगवणारे आले त्यांनी तो खांब पिवळा करून टाकला. चांगला दिसत होता.

मग खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी यंत्रं धुवायची, पुसायची, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा. आणि पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत एकाही यंत्राला हात लावायचा नाही. यंत्राने विश्रांती घ्यायची. हा नेम जुना, आणि जयसिंगराव तो कडक पाळत; पुण्याहून बायकोला, आईला, दोन मेव्हण्यांना घेऊन येत. भट्टीतला माल दुपारी निघेल अशा बेताने शेखरने भरला होता. पण मालकाच्या मेव्हण्याला संध्याकाळी कुठे जायचं होतं, म्हणून मुहूर्त अलीकडे आला. भट्टीत माल अडीच तासांचा असताना मालक म्हणाले, "बंद करा सगळं. आवाज नको पूजेला."

शेखर म्हणाला, "सायेब, माल अर्धाच झालाय आत."

"तो काढ, परत घालू नंतर. गुरुजी थांबलेत."

माल निघाला, बाजूला ढीग झाला. माल संपला असं संगणकाला सांगायचं असतं. त्याचं बटण असतं. ते कुणी दाबलं नाही. नेहमी भोंगा वाजला की ते दाबायचं, ही सवय. इथे भोंगाच वाजला नव्हता. नथूने सरळ मेन स्विच खाली ओढला आणि मालकाच्या आईने संगणकाच्या पडद्याला हळदकुंकवाची बोटं लावली. आकोटकर मागे हात बांधून उभा होता. पेढा दिला तर त्याने तो कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी निम्मी माणसं सुट्टीवर. शेखरने नवा माल भट्टीत भरला, सुरू केली आणि पाळी संपली म्हणून मालेगावी, म्हणजे पौडाच्या पुढे माले आहे तिथे, सासुरवाडीला सोनं वाटायला गेला. पडद्यावर कुंकू वाळलेलं होतं, त्याखालचे आकडे दिसत नव्हते, आणि संगणकाच्या पोटात जुनंच होतं: माल आत, अडीच तास झाले. त्याने तिथून पुढे मोजलं. दुसऱ्या पाळीला वाल्मीक नावाचा बीडकडचा कंत्राटी कामगार होता. भोंगा वाजला, वाल्मीकने माल काढला, तेलात विझवला, रिवाजाप्रमाणे एका पिनेवर कानस घासून पाहिली. कानस घसरली. पिना कडक होत्या. त्याने बटण दाबलं, आणि माल पेट्यांत भरून गाडीवर चढवला. त्याची चूक अशी काही नव्हती.

पिना वरून कडक झाल्या होत्या, पण तो कडकपणा कांद्याच्या सालीएवढा. शेतात ट्रॅक्टर चालले, साल झिजली, आत लोखंड मऊ. दिवाळीनंतर पेट्या परत आल्या. मोठ्या कंपनीने पिना मधोमध कापून पाठवल्या होत्या, आणि हे कुणी केलं ते सांगा आणि त्याचं काय केलं तेही सांगा, असा निरोप होता.

त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. रंभाबाई म्हणाल्या, "नोकरी गेली तर म्या त्या कारखान्याच्या दारात बसंन. माझं वावर हाय त्ये." शेखरची बायको रेश्मा भिंतीकडे तोंड करून रडत होती. शेखर एकच म्हणत होता, "म्या सा तासाचाच लावला व्हता. म्या सा तासाचाच लावला व्हता." मागच्या खोलीत दिवा होता. आकोटकर आत होता, त्याला हे सगळं ऐकू जात होतं.

सकाळी मालकाच्या खोलीत बोलावणं झालं. परत आलेली एक पेटी घेऊन हैबतरावांनाही जावं लागलं. पेटी टेबलावर ठेवून ते भिंतीला लागून उभे राहिले. बसा असं कुणी म्हणालं नाही.

"भट्टी तुझ्या ताब्यात," मालक शेखरला म्हणाले. "माल तू भरलास. मी कंपनीला काय सांगू?"

"सायेब, सा तास लावलं व्हतं. देवाशपथ."

"मग हे काय आहे? चिमूटभर साल आहे नुसती! मला तुला घरी पाठवावं लागेल, शेखर. शब्द दिला होता, खरं आहे. पण शब्द काही कंपनीला दाखवता येत नाही."

शेखरचा चेहरा उतरला.  तेव्हा दाराला टेकलेला आकोटकर बोलला.

"शेखरची चूक नाही, सर."

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"खंडेनवमीला मधेच बंद केलं तेव्हाचे अडीच तास टेम्पमध्ये राहिले. नवीन मालाला ते जुने अडीच तास लागू झाले. साडेतीन तासांत भोंगा वाजला. टेम्प पुसला गेला असता तर संगणकाने नव्याने विचारलं असतं."

"हे होईल हे तुला माहीत होतं?"

"कधीतरी होणार हे माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"ठेव म्हणालात, ठेवलं. पुढचं कुणी विचारलं नाही." आणि मग तो शेखरकडे न बघता म्हणाला, "याला काढू नका. चूक करायला आधी कळावं लागतं. याला कळतच नाही, तर चूक कसली?"

त्या एका वाक्याने शेखरची नोकरी वाचली. ते वाक्य आकोटकरने त्याच्या ताटात भाकरीसारखं टाकलं नाही, कुत्र्याला टाकावं तसं टाकलं. शेखरला ते उचलावं लागलं. कान लाल झाले होते, पण मान हलवून तो म्हणाला, "व्हय सायेब. मला ठाव नव्हतं."

मालकाने पेन टेबलावर आपटलं. आकोटकरला काढायची त्यांची छाती नव्हती. त्या संगणकाची कुलपं दुसऱ्या कुणाला उघडता येत नव्हती. शेखरच्या मागे रस्त्याचा तुकडा होता. ज्या मेव्हण्यासाठी पूजा आधी झाली त्याचं नाव निघायचा प्रश्नच नव्हता. मग मालकाने विचारलं, माल काढला कुणी?

"वाल्मीकनं," शेखर म्हणाला.

वाल्मीक कंत्राटी होता. त्याला त्याच दिवशी थांबवलं. कंपनीला कळवलं की संबंधित कामगाराला कमी केलं आहे. वाल्मीकने स्टोअरच्या खिडकीशी येऊन हातमोजे परत दिले आणि विचारलं, "काका, माझं काय चुकलं हो?" हैबतराव म्हणाले, "मालकाला इचार." मालक पुण्याला निघून गेले होते.

आणि त्यानंतर जे घडलं त्याने हैबतरावांच्या मनातून आकोटकर कायमचा उतरला. दुपारी चहा आला. चहा पितापिताच आकोटकर संगणकापाशी बसला, काही खटखट केलं, आणि कप खाली ठेवायच्या आत उठला. टेम्प पुन्हा पुसला जाणार होता. पण शेजारी त्याने एक नवा कप्पा करून दिला होता, शेखरच्या आकड्यांसाठी, आणि तो कधीच पुसला जाणार नव्हता. नथूच्या फोटोंसाठीही कोपऱ्यात एक जागा होती. आणि वीज जाऊन आली तर संगणक आता स्वतः काही ठरवत नव्हता; विचारत होता: आत जुनाच माल आहे की नवा?

"एवढंच व्हतं?" नथू म्हणाला.

"एवढंच."

"मग मागंच का न्हाई केलंस, साहेब?"

"तुम्ही ठेवायची जागा मागत नव्हतात. न पुसणं मागत होतात."

हे खोटं होतं. शेखरने जागाच मागितली होती, सगळ्यांसमोर, त्या काचेच्या दाराशी. हैबतरावांनी स्वतः ऐकलं होतं. एक चहाभर वेळाचं काम या माणसाने दीडदोन वर्षं खिशात ठेवलं, कारण मागणाऱ्याला मागायची भाषा येत नव्हती. तो बरोबर होता, सुरुवातीपासून बरोबर होता, आणि त्याने त्या बरोबर असण्याचा उपयोग फक्त दुसऱ्यांना खाली बसवण्यासाठी केला. हैबतरावांनी आयुष्यात मूर्ख माणसं पुष्कळ पाहिली होती, आणि त्यांच्यात ते स्वतःलाही धरत. पण मूर्खाचा त्यांना कधी असा वीट आला नव्हता.

घरात मात्र त्या संध्याकाळी पुरणाचा बेत झाला. नोकरी राहिली होती. रंभाबाई म्हणाल्या, "बोलला कसा का असंना, पोराला वाचवलं. एक पोळी मागं देऊन यावं." शेखर ताटावरून उठला. "त्याला पोळी दिली तर म्या ह्या घरात जेवायचा न्हाई." पोळी गेली नाही. पुढे भट्टीवर कुणाचं काही चुकलं की बाकीचे हसून म्हणत, "चूक करायला आदी कळावं लागतंय, शेखरशेठ," आणि शेखर ते ऐकून स्टुलावर बसून राही. स्टूल होतं. तेवढ्यासाठीच सगळं झालं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात आकोटकरला हिंजवडीत नोकरी लागली. कुठल्याशा मोठ्या काचेच्या इमारतीत. त्याने खोली सोडतो असं सांगितलं, आणि रंभाबाई म्हणाल्या सोड. जायच्या दिवशी शेखर पहिल्या पाळीला गेला होता. रेश्मा घरात होती, ती बाहेर आली नाही. आकोटकरने गादी मोटरसायकलच्या मागे बांधली, वर बॅग बांधली, आणि एवढंच होतं. खोलीत तो कधी राहिला होता असं म्हणायला भिंतीवर डागसुद्धा नव्हता.

हैबतराव अंगणात उभे होते. या दिवसासाठी त्यांनी एक बोलणं मनात तयार ठेवलं होतं. वाल्मीकबद्दल होतं ते, आणि शेखरने मागितलेल्या त्या जागेबद्दल. दोनचारदा त्यांनी शब्द फिरवून पाहिले होते आणि शेवटी चांगले जमले होते. आकोटकरने दोरी ओढून गाठ घट्ट केली आणि हेल्मेट हातात घेतलं.

"काका, घोटवड्यावरून हिंजवडीचा रस्ता बरा आहे का आता?"

"बरा हाय," हैबतराव म्हणाले. "पुलापाशी खड्डं हायेत."

"मग हळू जातो."

"व्हय. डाव्या अंगानं जा."